एक अल्ट्रावाइड, दोन कॉम्प्युटर: केव्हीएम घ्यायच्या आधी हे बघून घ्या

ऑफिसचा लॅपटॉप आणि स्वतःचा पीसी, किंवा एक मॅक आणि एक विंडोज, दोन्ही एकाच टेबलावर आणि मॉनिटर मात्र एकच, तोही चांगला लांबलचक अल्ट्रावाइड. अशा वेळी कोणालाही विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं, "केव्हीएम घे." म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस तिन्ही एका बटणावर इकडून तिकडे फिरवणारा डबा. डबा वाईट नाहीये, पण बऱ्याच जणांना त्याची गरजच नसते, कारण मॉनिटरला मागे दोन-तीन इनपुट आधीपासून असतात, चित्र बदलायचं काम तो स्वतःच करू शकतो, आपलं अडतं ते फक्त कीबोर्ड आणि माउसपाशी. म्हणून माझं म्हणणं एवढंच की चित्राचा प्रश्न वेगळा सोडवा आणि कीबोर्ड-माउसचा वेगळा, दोन्ही एकाच डब्यात कोंबायला गेलात की पैसेही जास्त जातात आणि रिफ्रेश रेटही (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा, हर्ट्झमध्ये मोजतात).

आधी एक गोष्ट ठरवा. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी डोळ्यासमोर हवेत, की दिवसा हा आणि संध्याकाळी तो असं आलटून पालटून चालेल? पुढचं सगळं यावर ठरतं आणि गंमत म्हणजे बहुतेक लोक हे न ठरवताच केबल मागवतात. दिवसभर ऑफिसचं काम आणि नंतर स्वतःचा पीसी असं असेल तर पूर्ण स्क्रीन एकाला द्या आणि स्विच करा. पण एका मशीनवर कोड चाललाय आणि दुसऱ्यावर मेल किंवा मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड सतत दिसत राहायला हवा असेल तर स्क्रीन अर्धी-अर्धी वाटावी लागेल, त्याला पीबीपी म्हणतात, त्याचं पुढे सविस्तर लिहितो.

कोणत्या पोर्टातून किती मावतं

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. बहुतेक ३४ इंची अल्ट्रावाइड ३४४० बाय १४४० असतात, म्हणजे साधारण ५० लाख पिक्सेल, आणि ४९ इंची सुपर अल्ट्रावाइड ५१२० बाय १४४०, म्हणजे जवळपास ७४ लाख. जुने किंवा स्वस्तातले २५६० बाय १०८० आणि ३८४० बाय १०८० पण मिळतात, त्यांना पोर्टाची फारशी चिंता नाही.

३४४० बाय १४४० ला ६० हर्ट्झ हवं असेल तर जवळजवळ काहीही चालतं. एचडीएमआय १.४ वर सुद्धा कागदोपत्री बसतं, फक्त कित्येक जुने लॅपटॉप तिथे ५० किंवा ३० हर्ट्झवरच अडकतात आणि मग माउस चिकट वाटायला लागतो, आपल्याला वाटतं माउस खराब झाला. एचडीएमआय २.० असेल तर १०० हर्ट्झपर्यंत जाता येतं. १४४ हर्ट्झ किंवा त्याच्या वर हवं असेल तर डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा एचडीएमआय २.१, दुसरा सोपा रस्ता नाही. ५१२० बाय १४४० वाल्यांनी तर डिस्प्लेपोर्टच धरून चला, १.४ वर १२० हर्ट्झ मिळतं, २४० वाला मॉनिटर असेल तर डीएससी नावाचं कॉम्प्रेशन लागतं आणि ते ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही यायला हवं.

त्यामुळे साधा नियम असा की ज्या मशीनवर गेम खेळता किंवा व्हिडिओ एडिट करता त्याला मॉनिटरचा सगळ्यात तगडा पोर्ट द्या, बहुधा डिस्प्लेपोर्ट, आणि ऑफिसच्या लॅपटॉपला यूएसबी-सी किंवा एचडीएमआय. एक्सेल आणि मीटिंगांना ६० हर्ट्झ पुष्कळ झालं.

यूएसबी-सी बद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सगळे घोळ तिथेच होतात. भोक सारखं दिसलं म्हणून प्रत्येक यूएसबी-सी मधून चित्र बाहेर येतंच असं नाही. लॅपटॉपच्या पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा विजेचा बाण म्हणजे थंडरबोल्ट असेल तर चित्र येणार, काहीच नसेल तर मॉडेलचं स्पेसिफिकेशन उघडून "डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड" हे शब्द शोधा. केबलचंही तसंच, फोनच्या चार्जरबरोबर येणारी केबल बहुतेक वेळा फक्त चार्जिंग आणि यूएसबी २.० पुरती असते, तिच्यातून चित्र जात नाही. मॉनिटरबरोबर डब्यात आलेली केबल असेल तर तीच वापरा.

आणखी एक. यूएसबी-सी मध्ये वेगवान चार लेन असतात आणि चित्र आणि डेटा त्यातच वाटून घेतात. म्हणून बऱ्याच मॉनिटरच्या मेन्यूत एक सेटिंग सापडेल, "हाय रिझोल्यूशन" की "हाय डेटा स्पीड" अशा अर्थाचं काहीतरी. पहिलं निवडलं तर चारही लेन चित्राला आणि मॉनिटरच्या मागचे यूएसबी पोर्ट २.० च्या स्पीडला येतात, दुसरं निवडलं तर दोन चित्राला, दोन डेटाला. मॉनिटरला फक्त कीबोर्ड-माउस लावणार असाल तर बिनधास्त पहिलं ठेवा, कीबोर्डला २.० म्हणजे चैन आहे. एक्स्टर्नल एसएसडी लावणार असाल तर दुसरं.

उलट दिशेचा घोळ पण लक्षात ठेवा: यूएसबी-सी टू डिस्प्लेपोर्ट केबल बहुतेक वेळा एकाच दिशेने चालते, लॅपटॉपच्या सी मधून निघून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टात. पीसीच्या ग्राफिक्स कार्डाचा डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरचा यूएसबी-सी अशी जोडणी करायची असेल तर दोन्ही दिशांची म्हणून विकली जाणारी केबल लागते, नुसती टोकं जुळली म्हणून चित्र येत नाही. पीसीत एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असं असेल तर तिथे ॲक्टिव्ह ॲडॅप्टर, म्हणजे आत सिग्नल बदलणारी चिप असलेला, लागतो, साधा चालणार नाही.

आलटून पालटून वापरायचं असेल तर

तुमच्या मॉनिटरमध्येच केव्हीएम आहे का ते सगळ्यात आधी बघा. मागे एक चौकोनी जाडसर यूएसबी-बी पोर्ट आणि शिवाय एक यूएसबी-सी पोर्ट, आणि मेन्यूत कुठेतरी "केव्हीएम" किंवा "यूएसबी सिलेक्शन" असं काही असेल तर तुम्ही जिंकलात, वेगळं काहीच घ्यायचं नाही. लॅपटॉप यूएसबी-सी ने लावा, चित्र, यूएसबी आणि चार्जिंग तिन्ही त्याच केबलवरून जाईल. पीसीला डिस्प्लेपोर्टची केबल लावा आणि *शिवाय* यूएसबी-बी वाली केबल पीसीच्या यूएसबी पोर्टात. ही दुसरी केबलच लोक विसरतात आणि मग पीसीवर चित्र येतं पण कीबोर्ड मेलेला, कारण डिस्प्लेपोर्टमधून यूएसबी जात नाही. मग कीबोर्ड आणि माउस मॉनिटरच्या यूएसबी-ए पोर्टात लावा, आणि मेन्यूत जाऊन सांगा की डिस्प्लेपोर्ट इनपुट आला की यूएसबी-बी, आणि यूएसबी-सी इनपुट आला की यूएसबी-सी. एकदा हे बांधून दिलं की इनपुट बदलला की कीबोर्ड-माउस आपोआप त्याच्या मागोमाग जातात.

चार्जिंगचा आकडा मात्र बघून घ्या. मॉनिटर ६५ वॅट देतोय आणि लॅपटॉपला जोराच्या कामात ९० किंवा १०० लागतायत तर तो चार्ज होईल पण काम चालू असताना बॅटरी हळूहळू उतरत राहील. अशा वेळी लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर पण लावून ठेवा, दोन्ही लावले म्हणून काही बिघडत नाही.

मॉनिटरमध्ये केव्हीएम नसेल तर माझी पसंती साध्या यूएसबी स्विचला. हा फक्त यूएसबीचा डबा असतो, दोन कॉम्प्युटर आत, तीन-चार यूएसबी पोर्ट बाहेर आणि एक बटण, चित्राशी त्याचा काही संबंध नाही. व्हिडिओ केव्हीएमपेक्षा बराच स्वस्त आणि बिघडायला त्यात फार काही नसतं. दोन्ही कॉम्प्युटरच्या व्हिडिओ केबल थेट मॉनिटरला, मध्ये काही नाही, त्यामुळे पूर्ण रिफ्रेश रेट, एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र), फ्रीसिंक किंवा जी-सिंक (गेममध्ये चित्र फाटू नये म्हणून रिफ्रेश रेट ग्राफिक्स कार्डाशी जुळवणारं तंत्र) सगळं जसंच्या तसं चालतं. मग स्विच करायचं म्हणजे दोन कामं, डब्याचं बटण दाबा आणि मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदला.

ते दुसरं काम लवकरच डोक्यात जातं, कारण मॉनिटरच्या खालची ती छोटी जॉयस्टिक चाचपडत बसायचा कोणालाही कंटाळा येतो. पण त्यावर भारी उपाय आहे आणि तो आश्चर्यकारकरीत्या कमी लोकांना माहीत असतो. मॉनिटर आणि कॉम्प्युटर व्हिडिओ केबलमधूनच एकमेकांशी बोलू शकतात, त्याला डीडीसी/सीआय म्हणतात, ब्राइटनेस, आवाज आणि इनपुटसुद्धा सॉफ्टवेअरमधून बदलता येतो. आधी मॉनिटरच्या मेन्यूत डीडीसी/सीआय ऑन आहे ना ते बघा. मग विंडोजवर कंट्रोल माय मॉनिटर नावाचं छोटं फुकट टूल, लिनक्सवर डीडीसीयूटिल, मॅकवर बेटरडिस्प्ले किंवा लूनर. इनपुट निवडायचा कोड ६० आहे, हेक्साडेसिमल मधला, आणि त्याच्या ठरलेल्या व्हॅल्यू, या मात्र साध्या दशमान आकड्यात, म्हणजे डिस्प्लेपोर्ट १ ला १५, डिस्प्लेपोर्ट २ ला १६, एचडीएमआय १ ला १७ आणि एचडीएमआय २ ला १८. यूएसबी-सी ला बऱ्याच मॉनिटरवर २७ असतो पण तिथे कंपन्या आपापलं डोकं चालवतात, तेव्हा आधी मॉनिटर त्या इनपुटवर हाताने न्या आणि टूलमध्ये कोणता आकडा दिसतो ते वाचा, तोच तुमचा. मग त्याचा कीबोर्ड शॉर्टकट बनवून टाका.

याच्या पुढची पायरी म्हणजे डिस्प्ले-स्विच नावाचा एक ओपन सोर्स प्रोग्रॅम, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. तो मागे शांत बसून असतो आणि तुमचा कीबोर्ड यूएसबीला जोडला गेला किंवा निघाला हे बघतो, कीबोर्ड आला की लगेच मॉनिटरला सांगतो की माझा इनपुट लाव. म्हणजे यूएसबी स्विचचं एक बटण दाबलं की कीबोर्ड-माउसही गेला आणि पाठोपाठ चित्रही गेलं, केव्हीएमचं सगळं सुख यूएसबी स्विचच्या भावात. सेटिंग फाइलमध्ये फक्त कीबोर्डचा यूएसबी आयडी आणि जोडल्यावर कोणता इनपुट लावायचा एवढंच लिहायचं असतं. दोन्ही कॉम्प्युटरवर टाका, कारण काही मॉनिटर फक्त सध्या जो इनपुट चालू आहे त्याच्याकडूनच हुकूम ऐकतात, दुसऱ्याने कितीही ओरडलं तरी ढिम्म. तसं होत असेल तर कीबोर्ड निघाल्यावर "समोरच्याचा इनपुट लाव" असा उलटा नियम पण त्याच फाइलमध्ये देता येतो.

यात अडचण येते ती ऑफिसच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते तेव्हा. मग निदान स्वतःच्या पीसीवर टाका आणि त्यालाच दोन्ही नियम द्या, कीबोर्ड आला की माझा इनपुट, गेला की लॅपटॉपचा. तुमचा मॉनिटर बंद इनपुटचं ऐकणारा असेल तर लॅपटॉपला हात न लावता काम होऊन जातं. डॉक (एका केबलवर बरेच पोर्ट देणारा डबा) किंवा ॲडॅप्टर मध्ये असेल तर डीडीसी कधीकधी पुढे जात नाही, आणि मॅकच्या काही मॉडेलांवर एचडीएमआय पोर्टातून पण जात नाही, तिथे यूएसबी-सी वरून जोडून बघा.

यूएसबी स्विच नको असेल तर दोन-तीन मशीनशी जोडता येणारे ब्लूटूथ कीबोर्ड-माउस हा पण एक मार्ग आहे, बटण दाबलं की पुढच्या मशीनवर. त्रास इतकाच की कीबोर्डचं बटण वेगळं आणि माउसचं वेगळं, आणि माउसचं बटण बऱ्याचदा खालच्या बाजूला, प्रत्येक वेळी उलटा करावा लागतो. दिवसातून दोनदा स्विच करणाऱ्याला चालेल, दर दहा मिनिटांनी करणाऱ्याला वेड लागेल.

मग खरा केव्हीएम कधी?

जेव्हा मॉनिटरला एकच कामाचा इनपुट आहे, किंवा डीडीसी चालतच नाही, किंवा एका अल्ट्रावाइडसोबत दुसरा मॉनिटर पण आहे आणि दोन्ही एकदम फिरवायचेत, तेव्हा. घेताना डब्यावर नुसतं "४के" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, ४के ३० हर्ट्झ की ६० हे बारीक अक्षरात असतं आणि अल्ट्रावाइडचा तर बऱ्याचदा उल्लेखच नसतो. डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा एचडीएमआय २.१ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या, फ्रीसिंक हवं असेल तर तेही लिहिलेलं हवं.

दुसरं म्हणजे ईडीआयडी. मॉनिटर कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतो, माझं रिझोल्यूशन अमुक, रिफ्रेश रेट तमुक, ती ही माहिती. स्वस्त केव्हीएम स्विच केल्यावर ही ओळख तोडून टाकतात, मग कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटर उपटला, आणि सगळ्या विंडो लॅपटॉपच्या इवल्याशा स्क्रीनवर येऊन गोळा होतात. ईडीआयडी एम्युलेशन असलेला केव्हीएम ही ओळख धरून ठेवतो. यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, पैसे वाचवायचे तर डब्याच्या दिव्यांवर वाचवा.

केबलची लांबी पण बघा. केव्हीएम मध्ये आला की कॉम्प्युटर ते डबा आणि डबा ते मॉनिटर अशी दोन केबलींची लांबी एकत्र धरायची. साधी डिस्प्लेपोर्ट केबल वरच्या रिफ्रेश रेटला दोन मीटरच्या पुढे नखरे करायला लागते, स्क्रीन मधूनच एक सेकंद काळी होते आणि परत येते. असं झालं की नव्वद टक्के लोक ड्रायव्हर अपडेट करत बसतात (मीही तोच सल्ला ऐकलाय कित्येकदा) पण आधी केबल बदला, छोटी आणि सर्टिफाइड. एचडीएमआय २.१ साठी "अल्ट्रा हाय स्पीड" असं लेबल असलेलीच.

कीबोर्ड गेमिंगचा असेल, रंगीबेरंगी दिवे आणि मॅक्रो वाला, तर केव्हीएमच्या "कीबोर्ड" लिहिलेल्या खास पोर्टात तो धड चालत नाही कधीकधी. तिथून काढून शेजारच्या साध्या यूएसबी पोर्टात लावा, स्क्रोल लॉक दोनदा दाबून मशीन बदलायचा शॉर्टकट जाईल पण कीबोर्ड नीट चालेल.

दोन्ही एकदम हवेत: पीबीपी

अल्ट्रावाइड घेतल्याचं खरं चीज इथे होतं. मेन्यूत पीबीपी, पिक्चर बाय पिक्चर, स्प्लिट किंवा मल्टी व्ह्यू अशा नावाने असतं. चालू केलं की डावीकडे एक कॉम्प्युटर, उजवीकडे दुसरा. ५१२० बाय १४४० चे बरोबर दोन २५६० बाय १४४० होतात, म्हणजे ४९ इंची मॉनिटर म्हणजे दोन २७ इंची शेजारी-शेजारी, मध्ये पट्टी नाही, अप्रतिम. ३८४० बाय १०८० चे दोन फुल एचडी. ३४ इंचीवर मात्र दोन १७२० बाय १४४० मिळतात, जवळजवळ चौकोनी. डॉक्युमेंट, चॅट, टर्मिनल याला ते उलट चांगलं वाटतं कारण उंची पूर्ण मिळते, पण रुंद स्प्रेडशीट उघडलीत की गुदमरल्यासारखं होतं. माझं मत विचाराल तर रोजच्या रोज पीबीपी वापरायचं असेल तर ४९ इंचीच घ्या, ३४ वर ते कधीमधी वापरायला ठीक आहे.

चालू केल्या केल्या बहुतेकांना धक्का बसतो तो असा की चित्र चेपलेलं दिसतं, माणसं उंच आणि बारीक, गोल बटणं अंडाकृती. कारण अर्ध्या स्क्रीनला मॉनिटर अजून १९२० बाय १०८० किंवा असंच काहीतरी सांगतोय. आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये १७२० बाय १४४० किंवा २५६० बाय १४४० यादीत आहे का ते बघा, असेल तर निवडा, काम झालं. नसेल तर कस्टम रिझोल्यूशन बनवावं लागेल. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये "चेंज रिझोल्यूशन" मधून "कस्टमाइझ" मध्ये जा, एएमडीच्या ॲड्रेनलिनमध्ये डिस्प्ले टॅबखाली "कस्टम रिझोल्यूशन्स" असतं, तिथे १७२० आणि १४४० टाका, ६० हर्ट्झ, आणि टायमिंग विचारलं तर सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँकिंग. त्यानेही ऐकलं नाही तर विंडोजवर सीआरयू म्हणजे कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी वापरून बघा. मॅकवर डिस्प्ले सेटिंगच्या ॲडव्हान्स्डमध्ये रिझोल्यूशन यादीच्या रूपात दाखवायचा पर्याय चालू करा, तरी सापडलं नाही तर बेटरडिस्प्ले. ऑफिसचा लॅपटॉप कुलूपबंद असेल आणि काहीच करता येत नसेल तर मॉनिटरच्या मेन्यूत त्या अर्ध्या भागासाठी आस्पेक्ट रेशो "ओरिजिनल" किंवा "कीप रेशो" करा, वर-खाली काळ्या पट्ट्या येतील पण माणसं माणसांसारखी दिसतील.

पीबीपीची किंमत पण मोजावी लागते. बऱ्याच मॉनिटरवर पीबीपीत रिफ्रेश रेट ६० वर येतो, एचडीआर आणि फ्रीसिंक बंद होतात, आणि काहींवर ठराविक दोन इनपुटांचीच जोडी जमते, म्हणजे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट चालेल पण एचडीएमआय १ आणि २ नाही. हे मॅन्युअलमध्ये एका तक्त्यात दिलेलं असतं, मॉनिटर घ्यायच्या आधीच पीडीएफ उतरवून तो तक्ता बघा, विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही. गेम खेळायच्या वेळी पीबीपी बंद करून पूर्ण स्क्रीन एकाला द्यायची, त्यालाही शॉर्टकट बटण बहुतेक मॉनिटरवर ठेवता येतं.

आता दोन्ही दिसतायत पण माउस एकच. इथे हार्डवेअरपेक्षा सॉफ्टवेअर जास्त कामाचं, कारण माउस डावीकडच्या कॉम्प्युटरवरून सरकवत सरकवत सरळ उजवीकडच्यावर नेता येतो, जणू एकच डेस्कटॉप आहे. दोन्ही विंडोज असतील तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधला माउस विदाउट बॉर्डर्स, फुकट आहे आणि चार कॉम्प्युटरपर्यंत चालतो. दोन्ही मॅक असतील तर युनिव्हर्सल कंट्रोल, मॅकओएस १२.३ पासून आत आहेच, फक्त दोन्हीवर एकच ॲपल आयडी लागतो. मिश्र असेल, एक मॅक एक विंडोज किंवा लिनक्स, तर डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप, दोन्ही ओपन सोर्स. कीबोर्ड-माउस प्रत्यक्ष ज्या मशीनला लावलाय तो सर्व्हर, दुसरा क्लायंट, आणि सेटिंगमध्ये कोण डावीकडे कोण उजवीकडे ते मॉनिटरवर दिसतं तसंच मांडा, नाहीतर माउस उलट्या कडेतून बाहेर पडतो आणि शोधत बसावं लागतं.

दोन्ही एकाच नेटवर्कवर असायला हवेत आणि इथेच ऑफिसचा व्हीपीएन आडवा येतो, काही व्हीपीएन लोकल नेटवर्क पूर्ण बंद करतात आणि मग माउस कडेला जाऊन आपटतो, पलीकडे जात नाही. अशा वेळी यूएसबी स्विचवर परत या. आणि हे सॉफ्टवेअर कॉपी-पेस्ट पण दोन्हीकडे वाटतं, म्हणजे ऑफिसच्या लॅपटॉपवर कॉपी केलेला पासवर्ड तुमच्या घरच्या पीसीच्या क्लिपबोर्डवर येऊन बसतो. क्लिपबोर्ड शेअरिंग बंद करायचा पर्याय असतो, ऑफिसचं मशीन यात असेल तर तो बंदच ठेवा, आणि आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय असलं काही टाकू नका.

आणि हो, मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करणाऱ्यांना पीबीपीचा एक फुकटचा फायदा. पूर्ण अल्ट्रावाइड शेअर केला की समोरच्याच्या लॅपटॉपवर एक बारीक पट्टी दिसते आणि "जरा झूम करता का" हे ऐकावं लागतं. ४९ इंचीच्या अर्ध्या भागावर असाल तर समोरच्याला साधी १६:९ स्क्रीन दिसते.

रोज छळणाऱ्या बारीकसारीक गोष्टी

मॉनिटरचं "ऑटो इनपुट" किंवा "ऑटो सोर्स" बंद करा. दोन कॉम्प्युटर लावलेत आणि हे चालू असेल तर तुम्ही पीसीवर काम करताना झोपलेला लॅपटॉप कुठल्यातरी अपडेटसाठी जागा होतो आणि मॉनिटर उडी मारून तिकडे जातो. वर सांगितलेलं डीडीसीचं गाडं पण याच्यामुळेच बिघडतं.

इनपुट बदलला की विंडो इकडेतिकडे पळत असतील तर विंडोज ११ मध्ये सेटिंग, सिस्टीम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज मध्ये मॉनिटर जोडल्यावर विंडोच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तो टिक करा. त्याच्याच शेजारी मॉनिटर निघाला की विंडो मिनिमाइझ करायचा पण आहे. डिस्प्लेपोर्टवर हा पळापळीचा त्रास जास्त होतो, एचडीएमआयवर तुलनेने कमी, त्यामुळे ज्या मशीनला जास्त हर्ट्झ लागत नाहीत त्याला एचडीएमआय देऊन बघायला हरकत नाही.

मॅकबुक झाकण बंद करून वापरायचं असेल तर पॉवर लावलेली हवी आणि कीबोर्ड-माउस जोडलेला. यूएसबी स्विचने कीबोर्ड दुसरीकडे नेला आणि मॅक झोपी गेला असं होत असेल तर एक वायरलेस माउस त्याला कायमचा जोडून ठेवा, किंवा सरळ झाकण थोडं उघडं ठेवा.

वेबकॅम आणि हेडसेट यूएसबी स्विचवर लावायचा मोह होतो, पण चालू कॉलमध्ये बटण दाबलं की तुमचा चेहरा आणि आवाज दोन्ही गायब. ज्या मशीनवरून कॉल करता त्यालाच ते थेट लावा. स्पीकर मॉनिटरच्या ऑडिओ जॅकला लावलेत तर ते चालू इनपुटबरोबर आपोआप बदलतात, पीबीपीत मात्र आवाज एकाच बाजूचा येतो, कोणत्या बाजूचा ते मेन्यूत "ऑडिओ सोर्स" मध्ये निवडायचं. दोन्हीकडचा आवाज एकदम हवा असेल तर छोटा ऑडिओ मिक्सर, किंवा एका मशीनच्या लाइन-आउटची वायर दुसऱ्याच्या लाइन-इनमध्ये टाकून तिथे विंडोजच्या साउंड सेटिंगमधलं "लिसन टू धिस डिव्हाइस" चालू करणं, हा जुना पण पक्का जुगाड.

आणि स्ट्रीमिंगचा सिनेमा लावला की आवाज येतोय पण चित्र काळं असं झालं तर तो एचडीसीपीचा प्रकार, कॉपी होऊ नये म्हणून चित्राला लावलेलं कुलूप, ते केव्हीएममधून नेहमी उघडत नाही आणि काही मॉनिटरवर पीबीपीत पण नाही. मधला डबा काढून केबल थेट मॉनिटरला लावा, पीबीपी बंद करा आणि ब्राउझर एकदा बंद करून परत उघडा.